मौखिक धर्मवचन आणि लेखनाचा अधिकार

धर्मवचन लिहून ठेवावे की मुखातच राखावे, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा वाटतो; वस्तुतः तो कर्तव्याचा आहे. ज्याने वचन ऐकले त्याच्यावर ते पुढे देण्याचे ऋण असते. हे ऋण कशाने फिटते? पत्रावर अक्षरे उमटली म्हणजे फिटते, की ते वचन दुसऱ्याच्या मुखात आणि आचरणात उतरले म्हणजेच फिटते? आणि लिहिण्याचा अधिकार तरी कोणाचा? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात उत्तर अमेरिकेतील सेनेका नावाच्या मूळ रहिवासी समाजाच्या उदाहरणावरून करण्याचे योजिले आहे. दूरचे उदाहरण घेण्याचे कारण असे, की जवळच्या विषयात श्रद्धा आधी बोलते आणि विचार मागे राहतो. दूरच्या विषयात दोघांनाही आपापले आसन मिळते.

सेनेका हे इरोक्वॉय संघातील एक राष्ट्र होय. हा संघ स्वतःला होडेनोशोनी, म्हणजे लांब घराचे लोक, असे म्हणवितो. मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायुगा आणि सेनेका ही त्यातील मूळची पाच राष्ट्रे; अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टस्करोरा हे सहावे राष्ट्र त्यांना येऊन मिळाले. सेनेका हे या संघाच्या पश्चिमद्वाराचे रक्षक मानले जातात. लांब घर, अर्थात लाँगहाउस, ही एकेकाळी अनेक कुटुंबांची एकत्र राहण्याची वास्तू होती. आज ते धर्मसभेचे व विधींचे स्थान आहे, आणि परंपरेचा धर्म पाळणाऱ्यांना लाँगहाउसचे लोक असेच संबोधितात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या समाजाची स्थिती अत्यंत दीन झाली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७९ साली सैन्याने त्यांची गावे व उभी पिके जाळली. १७९७ च्या तहाने बहुतेक भूमी हातची गेली. आणि जी माणसे उरली त्यांना मद्याने ग्रासले. अशा वेळी जून १७९९ मध्ये ॲलेगेनी नदीच्या काठी, आपला सावत्र भाऊ कॉर्नप्लँटर याच्या वस्तीत, गन्योदाइयो नावाचा एक वृद्ध सेनेका मरणासन्न अवस्थेत पडला होता. या नावाचा अर्थ सुंदर सरोवर. इंग्रजीत त्याला हँडसम लेक म्हणतात. तोही मद्याच्या आहारी गेलेला होता. देह निश्चेष्ट झाला, आप्तांनी आशा सोडली. आणि मग तो उठून बसला व दिव्य दूतांनी आपल्याला काही सांगितले असे म्हणू लागला. मद्य वर्ज्य करा, जादूटोणा सोडा, पतिपत्नींनी एकमेकांशी नीट वागावे, मुलांना प्रेमाने वाढवावे, वृद्धांना अंतर देऊ नये, भूमी विकू नये, परंपरेचे उत्सव चालू ठेवावे, असा तो उपदेश होता. १० ऑगस्ट १८१५ रोजी ऑनंडागा येथे त्याचा देह पडेपर्यंत सोळा वर्षे तो हेच सांगत राहिला. या उपदेशाला सेनेका भाषेत गाइविओ, म्हणजे शुभ संदेश, असे नाव आहे.

गाइविओ हा ग्रंथ म्हणून जन्मास आला नाही. तो कथनाच्या रूपाने राहिला. अधिकारी निरूपणकार लाँगहाउसमध्ये उभा राहून सकाळपासून मध्यान्हापर्यंत तो सांगतो, आणि असे काही दिवस लागोपाठ चालते. शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा, ज्यांना वांपम म्हणतात, त्या या कथनाच्या साक्षी असतात. हँडसम लेकच्या माळा टोनावांडा येथे जतन केलेल्या आहेत, आणि वार्षिक कथनाची फेरी तेथूनच सुरू होते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, हे दूतांनी सांगितले आणि याने सांगितले, अशा अर्थाची कबुली पुन्हा पुन्हा येते. कागदावर वाचणाऱ्यास ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटेल. सभेत मात्र तिचे प्रयोजन वेगळे आहे. निरूपणकार तिच्यायोगे दर वेळी स्वतःला बाजूस सारतो. वचन माझे नव्हे, मी केवळ वाहणारा आहे, असे तो प्रत्येक प्रकरणागणिक मान्य करतो.

आता लेखनाकडे वळू. सेनेका भाषेला स्वतःची लिपी नव्हती. तिच्यात प, ब, म या वर्णांना स्थान नाही. त्यामुळे बोलताना ओठ सहसा मिटावे लागत नाहीत. अनुनासिक स्वर, स्वरांचे दीर्घत्व आणि कंठात श्वास क्षणमात्र रोखून होणारा एक सूक्ष्म वर्ण यांवर तिच्यात अर्थभेद अवलंबून असतो; एकेक क्रियापद संपूर्ण वाक्याचा भार वाहते. अशी भाषा ऐकून लिहिणे हे सामान्य काम नव्हे. ते केले ॲशर राइट नावाच्या प्रेस्बिटेरियन धर्मप्रसारकाने. १८३१ साली तो बफेलो क्रीक येथील सेनेकांमध्ये आला आणि १८७५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्यातच राहिला. त्याने रोमन अक्षरांवर आधारलेली लेखनपद्धती बसविली, छापखाना चालविला, १८४१ पासून सेनेका भाषेत नियतकालिक काढले. हेतू उघड होता. ख्रिस्ताची शुभवर्तमाने सेनेका भाषेत उतरावीत आणि सेनेकांनी ती वाचून आपला जुना धर्म सोडावा, यासाठी ती अक्षरे होती.

परंतु अक्षर शिकविणाऱ्याचा हेतू अक्षराला बांधून ठेवू शकत नाही. आर्थर पार्कर यांनी १९१३ साली नोंदविले आहे, की त्यापूर्वी सुमारे पन्नास वर्षे गाइविओचे निरूपणकार कोल्ड स्प्रिंग येथे एकत्र आले आणि त्यांनी आपापले पाठ ताडून पाहिले. ठिकठिकाणी भेद आढळले, आणि प्रत्येकाला आपलाच पाठ शुद्ध वाटत होता. अखेर कॅटॅरॉगस येथील जॉन जॅकेट या जाणत्या प्रमुखाची सर्वांनी निवड केली. त्याने राइटच्या पद्धतीने संपूर्ण गाइविओ सेनेका भाषेत लिहून काढले. नंतर निरूपणकार पुन्हा जमले, आणि ज्याचा जो भाग चुकत होता तो त्याने त्या लेखावरून पाठ करून घेतला. जी अक्षरे धर्मांतरासाठी आणली होती, त्याच अक्षरांनी मूळ धर्माचा वाद मिटविला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जॅकेटचा लेख वाचनासाठी नव्हता, पाठांतराच्या शुद्धीसाठी होता. मुखाला चुकू न देणे एवढेच त्याचे काम. म्हणूनच पुढे जे घडले ते समजून घेतले पाहिजे. ती पत्रे हेन्री स्टीव्हन्सकडे गेली, त्याच्याकडून एडवर्ड कॉर्नप्लँटर या निरूपणकाराकडे आली. याने सर्व मुखोद्गत केले, आणि मग पत्रांची निगा सुटली. एकेक करून ती हरवली. पुढे खरा पाठ लोपेल की काय, ही भीती त्याच्याच मनात उत्पन्न झाली. १९०३ साली लॅक्रॉस खेळणाऱ्या मंडळाच्या सभावृत्तांताची एक जुनी वही घेऊन त्याने गाइविओ पुन्हा सेनेका भाषेत लिहिण्यास आरंभ केला.

या निरूपणकाराला दोष द्यावा काय? त्याला संपूर्ण वचन येत होते. तो जिवंत असेपर्यंत तोच ग्रंथ होता. ज्याच्या मुखात वचन आहे त्याला पत्राची गरज काय, असे कोणी म्हणेल. पण या उत्तरात एक सूक्ष्म चूक दडलेली आहे. पाठांतर आपल्या आयुष्यापुरते वचन राखते. आपल्या मागे ते कोण राखील याची हमी पाठांतर देत नाही. पूर्वी ती हमी समाज देत असे, कारण शिकण्यास बसणारी मुले होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती मुले इंग्रजी शाळांत नेली जात होती. म्हणून १९०३ ची ती वही मला केवळ नोंदवही वाटत नाही. एका माणसाने आपल्या मरणाची आणि आपल्या पूर्वीच्या निष्काळजीपणाची दिलेली ती कबुली आहे. वचन पाठ आहे म्हणून पत्रे टाकणारा स्वतःला अमर समजतो. पत्रे आहेत म्हणून पाठ न करणारा वचनाला मृत समजतो. दोन्ही भ्रमच होत.

पार्कर हे न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयातील पुरातत्त्वज्ञ, पित्याकडून सेनेका वंशाचे. कॉर्नप्लँटरने ऐतिहासिक प्रस्तावनेचा भाग लिहून संपविला होता, तेव्हा त्यांच्या दृष्टीस ती वही पडली. लेखन पुरे करून जतनासाठी राज्याकडे द्यावे, अशी त्यांनी विनंती केली. कॉर्नप्लँटर प्रथम तयार झाला नाही. लोक नावे ठेवतील असे भय त्याला होते. त्याने समाजातील प्रमुखांची सभा घेतली, त्यांचा विचार विचारला, आणि मगच होकार दिला. भाषांतराचे मुख्य काम विल्यम ब्लूस्काय नावाच्या सेनेका गृहस्थाने केले, आणि हा गृहस्थ बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक होता. १९१३ साली संग्रहालयाच्या पत्रिकेत हे गाइविओ प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे कॉर्नप्लँटरचा पुत्र जेसी याने काढलेली आहेत.

या वृत्तांतावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा. मुखातील वचन प्रसंग पाहून बोलते. समोर कोण बसले आहे, त्याला काय सोसते, हे पाहणारा निरूपणकार तेथे असतो. लेखन सर्वांना सारखेच बोलते आणि कोणालाच उत्तर देत नाही. शिवाय एक पाठ लिहिला की दुसरे पाठ आपोआप अशुद्ध ठरतात. जॅकेटच्या लेखाने वाद मिटला खरा, पण ज्यांचे पाठ मागे पडले त्यांनी आपल्या गुरूकडून ऐकलेले खोटे होते काय?

दुसरा आक्षेप त्याच्या उलट दिशेचा आहे. सेनेका भाषेत लिहिलेले वचन जगापुढे आले ते इंग्रजीत. ज्यांच्या पूर्वजांनी गावे जाळली त्यांना ते वाचता आले. ज्यांच्या मुलांसाठी ते लिहिले गेले त्यांच्या हाती परक्या भाषेतील अर्थ पडला. तेव्हा राखले ते काय, आणि कोणासाठी?

पहिल्या आक्षेपाचे समाधान जॅकेटच्या प्रसंगातच आहे. तेथे पाठ लेखणीने ठरला नाही, सभेने ठरविला. ज्यांच्यात भेद होता तेच एकत्र आले, त्यांनीच एकाला नेमले, आणि लेख झाल्यावर तेच पुन्हा बसून शिकले. लेखाला प्रामाण्य आले ते सभेच्या मान्यतेने. हेच कॉर्नप्लँटरच्या संकोचाचेही मर्म होय. नावे ठेवतील हे भय भित्रेपणाचे नव्हते. जे धन सर्वांचे आहे ते एकट्याने देता येत नाही, ही जाणीव त्यात होती. पार्कर विद्वान होते, विनंती सद्हेतूची होती. तरी निर्णय झाला तो प्रमुखांच्या सभेत. लेखन जेथे अशा संमतीवाचून होते तेथे ते जतन नसते, अपहार असतो, मग लेखकाचे अंतःकरण कितीही निर्मळ असो.

दुसऱ्या आक्षेपाचे समाधान इतके सोपे नाही. हा प्रश्न आपल्या वाचकांना परका नाही. म्हाइंभटांनी लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्या मिळविल्या आणि श्रीनागदेवाचार्यांच्या अनुमतीने लिहिल्या; जेथे सांगणाऱ्यांत भेद होता तेथे कोणाचा पाठ कोणता हे सांगण्याची रीत आपल्या पोथ्यांत आहे. संस्कृतात रचना करू इच्छिणाऱ्या केशिराजबासांना आचार्यांनी का थांबविले, हेही सर्वश्रुत आहे. विद्वानांची सभा मिळेल, पण साध्या वृद्ध बायांच्या हातून वचन जाईल, ही त्यांची चिंता होती. वचन थोर भाषेत गेल्याने थोर होत नाही. ज्यांच्यासाठी ते निघाले त्यांच्यापासून ते दूर गेले तर ते उणेच होते. इंग्रजी ही सेनेकांच्या दृष्टीने याच प्रकारची भाषा होती: मान देणारी, आणि वाट बंद करणारी.

तथापि खुद्द हँडसम लेकने परविद्येचा सरसकट निषेध केला नव्हता. गाइविओमध्ये असा भाग आहे, की गोऱ्या लोकांचा वेढा पडला असल्याने त्यांची रीत जाणणे आवश्यक आहे. म्हणून सहा राष्ट्रांतून प्रत्येकी दोन, अशा बारा जणांनी त्यांची विद्या शिकावी. बाराच का? कारण जाणणारे थोडे असले तरी पुरते. सगळेच गेले तर घरी सांगणारा उरत नाही. पुढे झाले नेमके तेच. १८५५ साली कॅटॅरॉगस येथे अनाथ मुलांसाठी एक आश्रम निघाला. त्याच्या स्थापनेत ॲशर राइट व त्याची पत्नी लॉरा यांचा हात होता. १८७५ मध्ये तो राज्याच्या ताब्यात गेला आणि थॉमस इंडियन स्कूल या नावाने १९५७ पर्यंत चालला. तेथे मुलांच्या तोंडची सेनेका भाषा दडपली गेली. २०२५ साली न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी सेनेकांच्या भूमीवर जाऊन या शाळेबद्दल क्षमा मागितली. ज्याने भाषेला अक्षरे दिली त्याच्याच हाताने लावलेल्या रोपाने भाषेचे मूळ खाल्ले. अक्षर वाचते, पण बोलणारा न उरल्यास ते कोणाचे, हा प्रश्न येथे पूर्ण कठोरतेने उभा राहतो.

याच क्रमात आणखी एक आघात आला. ॲलेगेनी नदीवर किंझुआ येथे बांधलेले धरण १९६५ साली पुरे झाले. १७९४ च्या तहाने सेनेकांना अबाधित म्हणून दिलेल्या भूमीतील सुमारे दहा हजार एकर पाण्याखाली गेले, सुमारे सहाशे माणसे उठविली गेली. ज्या वस्तीत १७९९ चे दर्शन घडले ती भूमीही बुडाली. कोल्ड स्प्रिंगच्या लाँगहाउसला स्टीमबर्ग येथे नवी जागा घ्यावी लागली. स्थान गेले, तरी कथन थांबले नाही. नव्या घरात तीच सकाळ, तेच वचन पुन्हा उभे राहिले. स्थानावाचून वचन राहू शकते, पत्रावाचूनही काही काळ राहू शकते. मुखावाचून मात्र राहत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

मग लेखनाचे मूल्य काय उरले? उत्तरासाठी आणखी एक प्रयत्न पाहू. वॉलेस चेफ या भाषाशास्त्रज्ञाने टोनावांडा येथील कॉर्बेट सनडाउन या प्रमुखाच्या मुखातून सेनेकांचे आभारविधी ध्वनिमुद्रित केले आणि १९६१ साली मूळ सेनेका व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध केले. आभारकथनाची मांडणी ठरलेली असते: माणसे, पृथ्वी, जल, वनस्पती येथपासून आरंभ करून वक्ता मेघगर्जना, सूर्य, चंद्र, तारे असे चढत सृष्टिकर्त्यापर्यंत जातो. क्रम ठरलेला, पण शब्दयोजना व विस्तार वक्त्याच्या अधीन. प्रसंग लहान असेल तर कथन लहान, उत्सव मोठा असेल तर मोठे. म्हणजे १९६१ चे पुस्तक हा त्या विधीचा शुद्ध पाठ नव्हे. एका अधिकारी वक्त्याने केलेल्या कथनाचे ते दर्शन आहे. गाइविओचे शब्द जपायचे असतात, आभारकथनाचा क्रम जपायचा असतो. दोन्हींना एकच नियम लावणारा लेखक एकाला सैल करील किंवा दुसऱ्याला गोठवील. काय जपायचे हे जाणल्याशिवाय लेखणी उचलू नये, असा बोध येथे घेता येतो.

आणि काही गोष्टी अशाही असतात की ज्यांच्याबाबत लेखणी खाली ठेवणे हेच जतन. १९९५ साली होडेनोशोनींच्या महासभेने औषधविधींच्या मुखवट्यांविषयी निवेदन काढून त्यांची विक्री, प्रदर्शन व प्रतिकृती यांना मनाई केली. जगाला कुतूहल असले म्हणून जगाचा हक्क होत नाही. ज्या समाजाने गाइविओ जगाने वाचावे म्हणून दिले, त्याच समाजाने मुखवटे जगाने पाहू नयेत असे सांगितले. यात विसंगती नाही. देणे आणि न देणे हे एकाच अधिकाराचे दोन हात आहेत.

आज सेनेका ही मातृभाषा म्हणून बोलणारे थोडे आणि बहुतेक वृद्ध आहेत. १९९८ साली ॲलेगेनीच्या परिसरात सेनेकांनी स्वतःची श्रद्धारक्षकांची शाळा काढली, जेथे मुले भाषेबरोबर विधी व आभारकथनही शिकतात. चेफने बसविलेल्या लेखनपद्धतीचा, त्याच्या कोशाचा व २०१५ च्या व्याकरणाचा आधार आज भाषा शिकणाऱ्याला मिळतो. ज्या घरात आजी सेनेका बोलत होती पण आईला ती बोलता आली नाही, त्या घरातील मूल आजीपर्यंत पोहोचण्यासाठी या अक्षरांची पायरी वापरू शकते. लेखनाचे मूल्य येथे दिसते. मुखापासून मुखापर्यंतची वाट तुटली असता मधल्या तुटीवर टाकलेला तो पूल आहे. पुलावर कोणी घर बांधीत नाही; पलीकडे जाण्यासाठीच तो असतो. पण पूल नको म्हणणाऱ्याने नदी पाहिलेली नसते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे मांडता येईल. ज्यांचे वचन आहे त्यांच्या सभेने मान्य केलेले, त्यांच्याच भाषेत उतरलेले आणि पुन्हा मुखाकडे परतणारे लेखन हे ऋणाची फेड नसले तरी ऋणाचे प्रामाणिक खत आहे. खत जपणे अवश्य आहे. खत जपले म्हणजे ऋण फिटले असे समजणे ही आत्मवंचना होय. भाषांतर हे त्या खताची परगावी गेलेली प्रत. तिने दुसऱ्यांना माहिती होईल, घरचे देणे चुकणार नाही.

एडवर्ड कॉर्नप्लँटरची ती जुनी वही विचारी माणसाने डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे. खेळाच्या हिशेबाच्या पानांपुढे त्याने धर्म लिहिला, कारण हाताशी तीच वही होती आणि वेळ थोडा होता. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ कोणा वृद्धाच्या मुखातून ऐकलेले काही ना काही आहे. ते आपण पाठ केले आहे काय, पाठ असल्यास कोणाला दिले आहे काय, आणि दिले नसल्यास निदान लिहिले आहे काय, हे तीन प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावेत. उत्तर तिन्ही ठिकाणी नकाराचे असेल, तर पत्रे एकेक करून आपल्याही हातून गळत आहेत, असे समजावे.